डोंगराएवढ्या माणसाची गोष्ट

मुष्टियुद्ध हा काही आपल्या मंडळाचा विषय नव्हे. स्मरणिकेच्या पानांवर ठोसे मारणाऱ्या माणसाचे चरित्र पाहून पुष्कळजणींच्या भुवया वर जातील, हे मी धरूनच चालले आहे. परंतु हा माणूस मी निवडला तो त्याच्या ठोशांसाठी नव्हे. ज्याच्या श्रमांवर दहाजण पोसले जातात आणि ज्याला त्याच्याच घामाचा हिशेब कोणी दाखवीत नाही, अशी माणसे आपण घरोघरी पाहतो. बहुधा ती बायका असतात. येथे तसाच एक पुरुष आहे. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन २६० पौंडांच्या वर, आणि १९३३ साली साऱ्या जगात सर्वांत जड गटाचा अजिंक्य मुष्टियोद्धा. त्याचे नाव प्रिमो कार्नेरा.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी फ्रिउली नावाचा प्रदेश आहे. तेथे सेक्वाल्स हे एक लहानसे गाव. शेती बेताची, नद्यांच्या पात्रांत मात्र रंगीबेरंगी गोट्यांची लयलूट. त्या गोट्यांवरच गावाने आपली कला उभारली. दगडाचे बारीक तुकडे जुळवून चित्रे आणि फरश्या करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या तेथून जगभर गेले. पॅरिसच्या प्रसिद्ध ऑपेरागृहातले मोझेकचे काम करणारा फाकिना हा याच गावचा. आपल्याकडे जुन्या इमारतींतून जी ठिपक्याठिपक्यांची, घासून गुळगुळीत केलेली फरशी असते, आणि जी पुसता पुसता आपल्या पिढीचे गुडघे गेले, तिची भावंडे घडविणारे हे हात. अशाच एका मोझेक कारागिराच्या घरी ऑक्टोबर १९०६ मध्ये प्रिमोचा जन्म झाला.

प्रिमो म्हणजे पहिला. पाठच्या भावाचे नाव सेकोंदो, म्हणजे दुसरा. तिसरा झाला तेव्हा मात्र आईबापांना मोजदाद पुरे वाटली असावी. त्याचे नाव सेव्हेरिनो ठेवले. वडील सांते कामासाठी परमुलखात जात, आई जिओव्हाना घर ओढी. त्यात पहिले महायुद्ध आले. १९१७ च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोच्या लढाईत इटलीचे सैन्य कोसळले आणि सारा फ्रिउली वर्षभर ऑस्ट्रियाच्या सैन्याखाली गेला. शत्रूच्या फौजेने धान्य, गुरे, जे हाती लागेल ते नेले. अकरा वर्षांचा हा पोरगा तेव्हाच मोठ्या माणसाएवढा दिसत असे. मोठ्या अंगाला मोठी भूक, आणि घरात तर सर्वांनाच उपास. अशा मुलाच्या आईची अवस्था काय असेल, ते मी वर्णन करीत बसत नाही.

युद्ध संपल्यावर, मिसरूड फुटण्याच्या आतच, तो फ्रान्समध्ये ल मां या गावी नातेवाइकांकडे गेला आणि सुतारकामाला लागला. पण सुतारकामावर त्याचे पोट भरेना. तेव्हा एका फिरत्या जत्रेवाल्याने त्याला उचलले. गावोगाव तंबू ठोकावयाचा, या धिप्पाड पोराला फळ्यांच्या मंचावर उभे करावयाचे, त्याच्याकडून वजने उचलवावयाची आणि गावच्या हौशी पैलवानांशी कुस्ती लावावयाची. लोक तिकीट काढून त्याला पाहत, जसे आपल्याकडे जत्रेत पाच पायांची गाय पाहतात. वयाची विशी यायच्या आधीपासून त्याला एकच गोष्ट शिकविली गेली होती : आपले शरीर म्हणजे दाखविण्याची वस्तू.

१९२८ साली फ्रान्सच्या समुद्रकाठी आर्काशाँ येथे हा तंबू पडला असता पॉल जूर्ने नावाच्या एका माजी मुष्टियोद्ध्याने त्याला पाहिले आणि पॅरिसच्या लेआँ से या व्यवस्थापकाला कळविले. से हा अंगाने लहानखुरा आणि बुद्धीने तल्लख. सप्टेंबर १९२८ मध्ये पॅरिसला प्रिमोची पहिली झुंज झाली आणि ती त्याने दुसऱ्याच फेरीत जिंकली. तोवर मुष्टियुद्धाचे शिक्षण म्हणावे असे त्याला फारसे मिळालेच नव्हते.

येथे मला थोडे थांबून एक शब्द सांगावयास हवा. माझे माहेर कोल्हापूरचे. आमच्या घरी पुरुषमंडळी कुस्तीवेडी, त्यामुळे बायकांच्याही कानांवर आखाड्याची भाषा पडत असे. तेथे नुरा कुस्ती म्हणून एक शब्द आहे. दोन पैलवान आधी संगनमत करतात, कोणी कोणाला पाडावयाचे ते ठरते, आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक फेटे उडवितात. तालमीतल्या माणसांना नुरा कुस्तीची भारी चीड. परंतु नुऱ्याला निदान दोघांची संमती असते. प्रिमोच्या बाबतीत घडले ते याहून वाईट होते. पडणाऱ्याला पैसे मिळत, पाडणाऱ्याला काही सांगितले जात नसे. स्वतः से याने पुढे पुस्तक लिहून असे सौदे झाल्याचे मान्य केले. प्रिमोला ते ठाऊक नव्हते असे पुष्कळांचे म्हणणे, आणि मला ते पटते. ज्याला आपण खरोखर जिंकतो असे वाटत नाही तो पुढे जे सोसले ते सोसणार नाही.

१९३० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची अमेरिकेतली पहिली झुंज झाली. प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत आडवा. मग गावोगाव फिरणे सुरू झाले. एका वर्षात वीसहून अधिक विजय. वर्तमानपत्रांनी त्याला चालता आल्प्स पर्वत म्हटले. दारूबंदीचा तो काळ होता. चोरट्या दारूच्या धंद्यातली बडी धेंडे, बिल डफी आणि ओनी मॅडन यांसारखी, आता त्याच्या मालकीत भागीदार झाली होती. होय, मालकीच. एका माणसाच्या कमाईचे हिस्से घोड्याच्या हिश्शांसारखे वाटले गेले. कॅलिफोर्नियात ओकलंड येथे एका झुंजीत समोरचा शेव्हालिए चांगला लढत असताना त्याच्याच बाजूच्या मदतनिसाने टॉवेल फेकून हार पत्करली. एवढा बोभाटा झाला की तेथील क्रीडामंडळाने चौकशी केली आणि कार्नेराला त्या राज्यात लढण्याची मनाई झाली. शिक्षा कोणाला झाली ते लक्षात घ्या.

पण सगळे खोटेच होते असे मानणारे मला पटत नाहीत. ऑक्टोबर १९३० मध्ये बॉस्टनला जिम मलोनीने त्याला हरविले. त्याच सालच्या नोव्हेंबरात बार्सिलोना येथे पाओलिनो उझकुदून या बास्क वीराला त्याने गुणांवर जिंकले. उझकुदून म्हणजे सहजी कोणापुढे वाकणारा माणूस नव्हे. १९३१ साली जॅक शार्कीकडून आणि १९३२ मध्ये लंडनला लॅरी गेन्सकडून तो हरला. हा गेन्स कॅनडाचा कृष्णवर्णी, उत्तम योद्धा. पण ब्रिटिश अजिंक्यपदासाठी तेव्हा गोऱ्यांनाच लढता येई. एकाला रंगाने अडविलेले, दुसऱ्याला आकाराने विकलेले. या पराभवांतूनच प्रिमो शिकला. डाव्या हाताचा सरळ ठोसा, पावलांची हालचाल, लांब हातांनी समोरच्याला दूर ठेवणे. त्या काळच्या चित्रफिती आज पाहता येतात. एवढ्या अवजड देहाचा माणूस पायांवर इतका हलका असेल असे वाटत नाही.

नंतर आली १० फेब्रुवारी १९३३ ची रात्र. समोर होता अर्नी शाफ, वय अवघे २४. तेराव्या फेरीत एका साध्याशा डाव्या ठोशाने शाफ खाली कोसळला. प्रेक्षकांना आता सवयच लागली होती; ही पण लबाडी, असा त्यांनी आरडाओरडा केला. शाफ बेशुद्धच होता. चार दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, तो रुग्णालयात वारला. आधीच्या ऑगस्टात मॅक्स बेअरच्या हातून त्याने भयंकर मार खाल्ला होता, आणि अलीकडेच त्याला इन्फ्लुएंझाही होऊन गेला होता. मेंदूला सूज होती. त्या ठोशाने तो मेला असे आज कोणी जाणता म्हणत नाही. परंतु प्रिमोच्या मनाने ते कधीच पूर्ण सोडले नाही. आणि त्याच्या व्यवस्थापकांनी काय केले असेल? या माणसाचा ठोसा प्राणघातक आहे, अशी पुढच्या झुंजीची जाहिरात. आपल्या भाषेत मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात, ते हेच. याउलट न्यूयॉर्कच्या क्रीडामंडळात, लहान अंगाच्या माणसांशी त्याला लढूच देऊ नये असाही विचार निघाला.

पुढची झुंज अजिंक्यपदाची होती, आणि समोर तोच जॅक शार्की, जो शाफचा मित्र आणि त्याच्या कारभारातला भागीदारही होता. २९ जून १९३३ रोजी, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतील उघड्या मैदानात, सहाव्या फेरीत प्रिमोने खालून वर आणलेल्या उजव्या ठोशाने शार्कीला पाडले. इटलीचा पहिला हेवीवेट जगज्जेता! हीही झुंज ठरवून झाली असे म्हणणारे आहेत. शार्की १९९४ पर्यंत जगला, नव्वदी ओलांडून गेला, आणि शेवटपर्यंत त्याने ते नाकारले. मी शार्कीवर विश्वास ठेवते.

आता पैशाचे पाहू. ज्या वर्षी तो जगज्जेता झाला त्याच वर्षी त्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज द्यावा लागला. लंडनमधील एका तरुणीने लग्नाचे वचन मोडल्याबद्दल त्याच्यावर दावा लावला होता. तिला द्यावयाची मोठी रक्कम उभी होती. तिच्या बाजूचेही मला काही वाटते, पण तिने ज्याच्याकडे मागितले त्याच्याच खिशात काही नव्हते. झुंजीचे उत्पन्न येई, त्यातून व्यवस्थापकांचा वाटा, भागीदारांचा वाटा, प्रवासाचा, सरावाचा, आणखी कशाकशाचा खर्च, आणि तळाशी उरे तो प्रिमोचा. त्यातूनही त्याने सेक्वाल्सला आईवडिलांच्या गावात एक टुमदार घर बांधले, हीच त्या सगळ्या दिग्विजयाची एकमेव शिल्लक.

मायदेशी आणखी एक मालक त्याची वाट पाहत होता. मुसोलिनीला नव्या इटलीच्या सामर्थ्याचा पुतळा हवा होता. हा तर चालताबोलता मिळाला. प्रिमोला काळा सदरा घालून, हात वर करून छायाचित्रांत उभे करण्यात आले. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी रोमच्या पियात्सा दी सिएना येथे, मुसोलिनीच्या देखत, त्याने पंधरा फेऱ्या लढून उझकुदूनला पुन्हा हरविले. प्रिमोने त्या राजवटीला नकार दिला नाही, हे मी झाकून ठेवीत नाही. नकार देण्याइतके त्याला राजकारण कळत होते का, हा प्रश्न वेगळा. पुतळ्याला कोणी काही विचारीत नाही. तो पडू लागला तेव्हा इटलीतील वृत्तपत्रांना हुकूम गेला की कार्नेरा जमिनीवर पडलेला आहे असे छायाचित्र छापावयाचे नाही.

१ मार्च १९३४ रोजी मायामी येथे टॉमी लॉफ्रनविरुद्ध त्याने पद राखले. दोघांच्या वजनांत ८६ पौंडांचा फरक होता. मग १४ जून १९३४. ज्या मैदानात तो जिंकला तेथेच, समोर मॅक्स बेअर. गंमत अशी की दोघांनी आदल्याच वर्षी एका अमेरिकन चित्रपटात एकमेकांविरुद्ध खेळणारे योद्धे म्हणून काम केले होते, आणि बेअरने तेथेच त्याचे सारे कच्चे दुवे हेरले असे म्हणतात. त्या रात्री प्रिमो दहाअकरा वेळा खाली पडला. प्रत्येक वेळी उठला. घोटा दुखावलेला, तोंड रक्ताने माखलेले, समोरचा मस्करी करतो आहे, प्रेक्षक हसताहेत, आणि हा उठतो. अकराव्या फेरीत पंचाने झुंज थांबविली. खोट्या विजयांनी मोठा केलेला माणूस असता तर दुसऱ्याच वेळी पडून राहिला असता. पडून राहण्याला त्या धंद्यात पैसे मिळत, हे तर सगळ्यांना ठाऊक होते.

वर्षाने, २५ जून १९३५ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये साठ हजारांवर लोकांसमोर तो जो लुईशी लढला. इटली अबिसिनियावर चालून जाणार अशी हवा होती, आणि ऑक्टोबरात ती गेलीही. त्यामुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना ही झुंज म्हणजे अबिसिनिया विरुद्ध इटली अशीच वाटली. सहाव्या फेरीत लुई जिंकला आणि हार्लेम वस्तीत रात्रभर आनंद चालला. त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. फक्त एवढेच की मोझेक कारागिराच्या या मुलाने कोणाचे राज्य घेतले नव्हते. तेही ओझे त्याच्याच खांद्यावर आले.

१९३६ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात लिरॉय हेन्स नावाच्या योद्ध्याने त्याला हरविले. दुसऱ्या झुंजीनंतर त्याचा पाय लुळा पडला. रुग्णालयात तो पडून होता तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे त्याच्या नावावर मेजवान्या झोडल्या त्यांपैकी कोणी फिरकले नाही असे सांगतात. कुबड्या घेऊन तो इटलीला परतला. मधुमेहाने पोखरलेले एक मूत्रपिंड १९३८ साली काढावे लागले. वय ३१, हाती एक घर, आणि पुन्हा सेक्वाल्स.

येथे त्याच्या आयुष्यात पीना आली. जुझेप्पिना कोव्हाचिच ही गोरीत्सियाकडची स्लोव्हेन घराण्यातली मुलगी, टपाल कार्यालयात नोकरी करणारी. १९३९ च्या मार्चमध्ये त्यांचे लग्न झाले. जगज्जेता असताना नव्हे. आजारी, कफल्लक, वर्तमानपत्रांनी टाकून दिलेला असताना तिने त्याला पत्करले. एक मुलगा, एक मुलगी झाली. महायुद्धाची वर्षे गावातच अर्धपोटी गेली. युद्ध संपल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर, एका मूत्रपिंडावर, तो पुन्हा रिंगणात उतरला आणि लुइजी मुसिना याच्याकडून तीनदा हरला. मुले लहान होती. दुसरे काही त्याला येत नव्हते.

मात्र १९४६ साली अमेरिकेतून कुस्तीचे बोलावणे आले. तेथील धंदेवाईक कुस्ती म्हणजे तमाशाच. कोण पडणार ते आधी ठरते आणि प्रेक्षकांनाही ते अर्धेमुर्धे ठाऊक असते. आमच्या कोल्हापुरात तिला कोणी कुस्ती म्हणणार नाही. पण गंमत पाहा, भगिनींनो. ज्या खेळाला जग खरा म्हणे त्यात त्याला फसविले गेले, आणि जो खेळ उघड उघड खोटा त्यात त्याला आपल्या कष्टाचे पैसे प्रथमच हाती मोजून मिळाले. लोक त्याच्यावर प्रेम करीत. गावोगावची मैदाने भरत. त्याने पीनाला आणि मुलांना अमेरिकेत नेले, लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेल येथे बिऱ्हाड केले, १९५३ साली तो अमेरिकन नागरिक झाला. त्याने तेथे एक दुकानही काढले. ते दारूचे होते, हे आपल्या स्मरणिकेत लिहावे की नाही याचा मी विचार केला, पण चरित्र म्हटले की सगळेच आले. मधूनमधून चित्रपटांत राक्षसांची, पैलवानांची कामे केली. मुले शिकली, मुलगा डॉक्टर झाला.

एक जखम मात्र पुन्हा उकरली गेली. १९४७ साली बड शुल्बर्ग या लेखकाने एक कादंबरी लिहिली. तीत एक अवाढव्य, भोळा, लढता न येणारा परदेशी योद्धा आणि त्याला विकून खाणारे दलाल. १९५६ मध्ये तिच्यावर हम्फ्री बोगार्टचा चित्रपट निघाला. नाव वेगळे होते, पण तो कोण ते शेंबड्या पोरानेही ओळखले असते. प्रिमोने चित्रपट कंपनीवर पंधरा लाख डॉलरांचा दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. जो एकदा लोकांपुढे उभा राहिला त्याला आपले खाजगीपण मागता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याचे मला कळत नाही. पण त्या तंबूत फळ्यांवर उभ्या केलेल्या पोराला लोकांपुढे उभे राहू का असे कोणी विचारले होते, हे न्यायालयाने पाहिले नाही, असे मला वाटते. शिवाय त्या चित्रपटात दलालांची दया येत नाही हे खरे, तरी योद्ध्याची जी कीव येते ती मला खटकते. कीव करण्याजोगा तो मनुष्य नव्हता. दहाअकरा वेळा उठणारा माणूस कीव करण्याजोगा नसतो.

१९६० नंतर त्याची कुस्तीही सुटली. मधुमेह आणि यकृताचा विकार यांनी तो प्रचंड देह झिजत गेला. १९६७ च्या मे महिन्यात तो सेक्वाल्सला परत आला, ते गावी मरण्यासाठीच. विमानातून उतरताना घेतलेल्या त्याच्या छायाचित्रांत कपडे अंगावर लोंबत आहेत आणि हाडे तेवढी पूर्वीसारखी मोठी दिसतात. गावकऱ्यांनी त्याला आपल्या माणसासारखे घरी नेले. झुंजींच्या पैशातून बांधलेल्या त्याच घरात, २९ जून १९६७ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. शार्कीला हरवून जग जिंकले त्याला त्या दिवशी बरोबर ३४ वर्षे झाली होती. गावच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे.